इमर्जन्सीत आपला नंबर का लागत नाही

मनगट सुजून पार डबल झालेलं, हात स्कार्फमधे लटकवलेला आणि मी इमर्जन्सीच्या वेटिंगमधे साडेतीन तास बसून. माझ्यामागून आलेली सहा माणसं आत गेली, मी मोजली, कारण मोजण्यासारखं तिथे दुसरं काही नव्हतं. आतल्या कॉरिडॉरचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून एक स्ट्रेचर दिसत होतं, त्यावर एक आजोबा, अंगावर पांघरूण, हाताला सलाईन. मी संध्याकाळी ६ ला आले तेव्हाही ते तिथेच होते. शेवटी वैतागून ताईला फोन लावला. माझी मोठी बहीण बरीच वर्षं इमर्जन्सीत नर्स आहे (वेगळ्या हॉस्पिटलमधे), म्हटलं ही तरी माझी बाजू घेईल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोटं हलतायत? मुंग्या येतायत का? गार पडलीयत, पांढरी दिसतायत?" म्हटलं नाही, तसं काही नाही. "मग बस गं. तुला थांबवून ठेवलंय ना, चांगलंच आहे की." आणि ठेवला फोन.

तेव्हा भयंकर राग आला होता. पण नंतर तिला गाठून नीट विचारलं, थोडं स्वतः वाचलं, आणि लक्षात आलं की वेटिंगमधे बसून आपण ज्यांच्यावर चिडतो, म्हणजे सर्दी-खोकल्यासाठी आलेली माणसं, फोन कानाला लावून उभा असलेला डॉक्टर, काउंटरवरची ती मुलगी, त्यातल्या कुणाचाच यात फारसा हात नसतो. गाडं भलतीकडेच अडलेलं असतं.

आधी ते नंबरचं बघू. आपण आल्या आल्या एक सिस्टर दोन-चार प्रश्न विचारते, बोटाला तो चिमटा लावते, बीपी बघते, काहीतरी टाइप करते आणि "बसा, बोलावतो" म्हणते. आपल्याला वाटतं चला, नाव लागलं. पण याला ट्रायाज म्हणतात आणि तुमच्या पुढच्या काही तासांचं काय होणार हे त्या तीन-चार मिनिटांत ठरून गेलेलं असतं. शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं, वर्गवारी करणं. नेपोलियनच्या सैन्यात डोमिनिक जाँ लारे नावाचा सर्जन होता, त्याने रणांगणावर असा नियम लावला की जखमी माणूस कोणत्या हुद्द्याचा आहे ते बघायचं नाही, जखम किती गंभीर ते बघायचं आणि त्या क्रमाने हात घालायचा. २०० वर्षं उलटून गेली, अजून तोच नियम चालू आहे. तुम्ही किती वाजता आलात याला दुय्यम किंमत, म्हणजे दोन सारखेच पेशंट असतील तर आधी आलेला आधी, एवढीच.

आता बऱ्याच देशांत पाच पातळ्या असतात. ब्रिटनमधे १९९० च्या दशकात तयार झालेली मँचेस्टर पद्धत सगळ्यात समजायला सोपी, कारण तिला रंग आहेत. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, केशरी १० मिनिटांत, पिवळा ६० मिनिटांत, हिरवा १२० आणि निळा २४० मिनिटांत. ऑस्ट्रेलियातल्या पद्धतीतही पाचच पातळ्या आहेत पण तिथे तिसरीला ३० मिनिटं, चौथीला ६० आणि पाचवीला १२०. अमेरिकेत जरा वेगळं डोकं लावलंय, जीवाला धोका असलेले पेशंट वरच्या दोन पातळ्यांत काढले की उरलेल्यांसाठी सिस्टर अंदाज बांधते की याला काय काय लागेल, नुसती गोळी देऊन घरी पाठवता येईल, की एक एक्सरे लागेल, की रक्त, सीटी, सलाईन असं सगळंच लागेल, आणि त्यावर पातळी ठरते. पद्धत कोणतीही असो, ही मिनिटं डॉक्टरने बघायला सुरुवात करण्यापर्यंतची आहेत, काम उरकून घरी जाण्यापर्यंतची नाहीत. यात लोकांचा फार घोळ होतो, माझाही झाला होता.

ताई म्हणते, पेशंट दारातून खुर्चीपर्यंत चालत येतो ना, तेवढ्यात अर्धं ट्रायाज झालेलं असतं. चालतोय कसा, कुणाचा आधार घेतोय का, घाम फुटलाय का, रंग कसा आहे, एका दमात पूर्ण वाक्य बोलतोय की दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबतोय. मग ती नख दाबते, नख पांढरं पडतं, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झालं पाहिजे, नाही झालं तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाहीये. श्वास ती मुद्दाम न सांगता मोजते, कारण "आता तुमचा श्वास मोजते हं" म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी धरल्याचं नाटक करायचं आणि नजर छातीवर ठेवायची. हे ऐकून मला गंमत वाटली, माझाही हात तिथल्या सिस्टरने असाच धरला होता आणि मला वाटलं किती प्रेमाने बघतेय.

आणि ओरडण्याचं. वेटिंगमधे जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय तो सगळ्यात सीरियस असं आपल्याला वाटतं, नातेवाइकांना तर वाटतंच. ताईचं म्हणणं, ओरडायला भरपूर श्वास लागतो, म्हणजे निदान तो तरी चालू आहे. दुखणं खरंच असतं, त्यावर लवकर औषध मिळायला हवं, त्याबद्दल वाद नाही. पण तिला धडकी भरते ती गप्प पडलेल्या लहान मुलाची, जे सुई टोचली तरी रडत नाही, किंवा "काही नाही हो, जरा गळून गेल्यासारखं वाटतंय" म्हणणाऱ्या घामाघूम माणसाची. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा, ही जवळपास सगळीकडची मान्य रीत आहे. पक्षाघाताच्या झटक्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही जितकं लवकर तितका मेंदू वाचतो, त्यामुळे तोंड वाकडं झालेला माणूस आला की बाकी सगळे मागे, यात कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. शिवाय अँब्युलन्सचं दार बहुतेक वेगळीकडेच असतं. वेटिंगमधून तुम्हाला दिसतं की गेला अर्धा तास कुणीच आत गेलं नाही, पण मागच्या दाराने अॅक्सिडेंटचे तीन आलेले असतात आणि आतली सगळी टीम तिकडे. (अँब्युलन्सने गेलं की नंबर लवकर लागतो हाही गैरसमज, तिथेही ट्रायाज होतंच, हिरवा असाल तर अँब्युलन्समधून उतरवून खुर्चीतच बसवतात.)

बरं, हे सगळं मान्य केलं. माझं मनगट हिरवं. मग १२० मिनिटांत बघायला हवं होतं की, साडेतीन तास झाले तरी नंबर का नाही?

इथे खरी गोष्ट सुरू होते. आत काय चालतं ते आधी थोडं सांगते. समजा एकाच्या छातीत दुखतंय, ईसीजी ठीक आला. तेवढ्यावर घरी सोडता येत नाही. ट्रोपोनिन नावाची रक्ताची टेस्ट करतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं, पण लगेच वाढत नाही, म्हणून काही तासांनी परत रक्त काढून दोन्ही आकडे ताडून बघायचे. पूर्वी यात सहा तास जायचे, आता टेस्ट जास्त संवेदनशील झाल्यात तर एक ते तीन तासांत उरकतं, पण तेवढा वेळ तो माणूस कॉटवर पडून असतो आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं याचं तर काहीच चाललेलं नाहीये, उगाच जागा अडवलीये. कुणाचा सीटीचा रिपोर्ट यायचाय, कुणाला बघायला सर्जन यायचाय आणि सर्जन ऑपरेशन थिएटरमधे हात धुऊन उभा आहे, कुणाच्या रक्तातल्या पेशी ट्यूबमधेच फुटल्या म्हणून लॅबने रक्त परत मागवलंय. तो फोन कानाला लावून उभा असलेला डॉक्टर बहुतेक वेळा यातल्याच कुणाच्या तरी मागे लागलेला असतो.

पण हा झाला कामाचा वेळ. बिनकामाचा वेळ वेगळाच, आणि तो तिथल्या आजोबांसारख्या पेशंटमुळे जातो. म्हणजे त्यांचा काही दोष नाही, सगळ्यात जास्त हाल त्यांचेच. त्यांची तपासणी झाली, निदान झालं, अॅडमिट करायचं ठरलं, इमर्जन्सीचं काम संपलं. पण वर वॉर्डात बेड नाही. मग ते जाणार कुठे? तिथेच. इमर्जन्सीच्या कॉटवर, कॉट संपल्या की कॉरिडॉरमधे स्ट्रेचरवर. ऑस्ट्रेलियात याला अॅक्सेस ब्लॉक म्हणतात, ब्रिटनमधे एक्झिट ब्लॉक, अमेरिकेत बोर्डिंग. नावं तीन, दुखणं एकच. मोरी तुंबलीये आणि आपण नळाकडे बघून बोंबलतोय.

साधा हिशोब करून बघा, मी ताईसमोर पाठकोऱ्या कागदावर केला होता. समजा इमर्जन्सीत २० कॉट आहेत आणि एका पेशंटचं आतलं काम सरासरी ४ तासांत होतं. म्हणजे तासाला ५ पेशंट मोकळे होऊ शकतात. तासाला ५ च नवीन येतायत, सगळं जेमतेम जुळलंय. आता त्या २० पैकी ८ कॉटवर असे पेशंट आहेत ज्यांना वर बेड मिळायचाय. उरल्या १२. त्यातून तासाला ३ च मोकळे होणार. यायचे तर ५ येतातच. दर तासाला २ माणसं वेटिंगमधे साठत जाणार, सहा तासांत १२ जण जास्तीचे. डॉक्टर तेवढेच, सिस्टर तेवढ्याच, कुणी आळस केला नाही, कुणी मधेच घुसलं नाही, तरी वेटिंग भरलं. शिवाय त्या ८ जणांचं औषधपाणी, सलाईन, बाथरूमला नेणं हे सगळं इमर्जन्सीच्याच सिस्टरना करावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात याहून वाईटच.

यात आणखी एक गणिताची गोम आहे. कोपनहेगनमधे एर्लांग नावाचा गणितज्ञ टेलिफोन कंपनीत होता, १९०९ मधे त्याने लाइन लागायला लोकांना किती थांबावं लागेल यावर पहिला निबंध लिहिला आणि रांगांचं शास्त्रच सुरू झालं. त्यातलं सगळ्यात साधं मॉडेल घ्या, एकच डॉक्टर, पेशंटमागे सरासरी १० मिनिटं, लोक कधीही येणार, कुणाला कमी वेळ लागणार कुणाला जास्त. डॉक्टर ८०% वेळ कामात असेल तर सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ९०% झालं की ९० मिनिटं. आणि ९५% झालं की १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर! काम फक्त ५ टक्क्यांनी वाढलं आणि थांबणं दुपटीहून जास्त. कारण लोक ठरावीक अंतराने येत नाहीत, एकदम चार येतात मग अर्धा तास कुणी नाही, आणि सगळं ठासून भरलेलं असेल तर एकदा साठलेलं परत उपसायला सवडच मिळत नाही. म्हणून सगळे बेड कायम भरलेले असणं हे चांगल्या कारभाराचं लक्षण वगैरे मुळीच नाही. १९९९ मधे ब्रिटनमधे कंप्युटरवर हॉस्पिटलचं मॉडेल चालवून बघितलं होतं, त्यात ८५% च्या वर बेड भरलेले असले की अडचणी दिसायला लागतात आणि ९०% ला नेहमीचीच बोंब सुरू होते असं निघालं. तो ८५ चा आकडा तेव्हापासून सगळे धरून बसलेत, प्रत्येक हॉस्पिटलला तो तंतोतंत लागू नाही पण मुद्दा लागू आहे.

मग वरचा बेड रिकामा का होत नाही? हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं, कारण बेड काही एकदम रिकामा होत नाही, तो टप्प्याटप्प्याने होतो. सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड होतो, "यांना आज सोडा" म्हणतात. डिस्चार्जचे कागद ज्युनियर डॉक्टरने लिहायचे, पण तो अजून राउंडवरच आहे, पुढचे दहा पेशंट बघायचेत. राउंड संपल्यावर तो लिहायला बसतो. मग औषधं यायची. एखादा शेवटचा रिपोर्ट यायचा. मग न्यायला घरून कुणीतरी यायचं, मुलगा म्हणतो ऑफिस सुटलं की येतो. तोपर्यंत पेशंट कपडे बदलून, पिशवी भरून, पलंगाच्या कडेवर बसून. तो गेला की सफाई, गादी पुसणं, चादर, मग वॉर्डाने कळवायचं की बेड तयार, मग इमर्जन्सीने सगळी माहिती फोनवर सांगायची, मग ढकलायला माणूस मिळायचा. सकाळी ९ ला सुटलेला माणूस संध्याकाळी ५ ला बेड सोडतो. आणि इमर्जन्सीत गर्दी वाढायला लागते सकाळी उशिरा, ती रात्रीपर्यंत टिकते. म्हणजे मागणी आधी आणि जागा नंतर, रोज, वर्षाचे ३६५ दिवस. त्यात काही पेशंट असे की त्यांना हॉस्पिटलची गरज संपलीये पण घरी बघायला कुणी नाही, आणि काळजी घेणाऱ्या केंद्रात जागा नाही, ते आठवडेच्या आठवडे तिथेच. थोडक्यात इमर्जन्सीच्या वेटिंगमधली गर्दी ही कधी कधी गावाबाहेरच्या एखाद्या वृद्धाश्रमात खोली रिकामी नसल्यामुळे झालेली असते. कुणाला सुचेल का हे तिथे बसून?

आता ते सर्दी-खोकलेवाले. "किरकोळ लोक उगाच येऊन गर्दी करतात" हे सगळ्यांचं आवडतं कारण आहे, पोस्टरसुद्धा लावतात तशी. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात यावर मोठा अभ्यास झाला, २००७ मधे छापून आला, त्यात दिसलं की आठ तासांत किरकोळ तक्रारीचे १० पेशंट जास्तीचे आले तर बाकीच्यांचा मुक्काम सरासरी ५.४ मिनिटांनी वाढतो. १० माणसं, ५ मिनिटं. कारण उघड आहे, त्यांना कॉट लागत नाही, खुर्चीत बसवून पाच-दहा मिनिटांत मोकळं करता येतं, वर बेड तर नकोच असतो. त्यांना दुसरीकडे पाठवणं त्यांच्याच सोयीचं असेल, पण त्याने कॉरिडॉरमधले आजोबा एक इंचही हलत नाहीत.

आणि हा नुसता गैरसोयीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. इंग्लंडमधे २०१६ ते २०१८ या काळात इमर्जन्सीतून अॅडमिट झालेल्या ५० लाखांहून जास्त पेशंटचा अभ्यास झाला, २०२२ मधे आला. आल्यापासून सहा ते आठ तासांच्या पुढे रखडलेल्या दर ८२ पेशंटमागे ३० दिवसांत एक जास्तीचा मृत्यू. तेही त्याच इंग्लंडमधे जिथे चार तासांत पेशंटचा निकाल लावायचाच असं टार्गेट होतं. २००४ मधे ते ९८% पेशंटसाठी होतं, २०१० मधे ९५% केलं, आणि देशभराचा आकडा बघितला तर जुलै २०१५ नंतर ते एकदाही गाठलेलं नाही. सुरुवातीला टार्गेटचा उपयोग झाला हे खरं, कारण अख्ख्या हॉस्पिटलवर दबाव आला. पण चौथा तास संपायच्या आधीच्या काही मिनिटांत अॅडमिट-डिस्चार्जची एकदम लाटच यायची, म्हणजे घड्याळाकडे बघून निर्णय. आकड्याचा चाबूक मारला की माणसं आकडाच सांभाळतात, यात नवल काय.

उपाय म्हणून जे चालतं ते बहुतेक इमर्जन्सीच्या बाहेरचंच आहे. डिस्चार्जचे कागद आदल्या दिवशीच तयार ठेवणं. निघालेल्या पेशंटला बेडवर न बसवता वेगळ्या खोलीत खुर्चीत बसवणं, म्हणजे बेड लगेच मोकळा. आधी ठरवलेली ऑपरेशनं आठवड्याभरात सारखी वाटणं, कारण मजा अशी की इमर्जन्सीत कधी किती येणार याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनांची गर्दी सर्जनांच्या सोयीने दोन-तीन दिवसांत कोंबलेली असते आणि तेवढे दिवस वरचे बेड गायब. न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रूकच्या हॉस्पिटलने तर सरळ वेगळंच केलं, इमर्जन्सी तुंबली की अॅडमिट झालेले पेशंट वरच्या वॉर्डांच्या कॉरिडॉरमधे एकेक-दोन-दोन वाटून द्यायचे. एकाच कॉरिडॉरमधे पंधरा जण ठेवण्यापेक्षा पंधरा वॉर्डांत एकेक बरा. आणि डोळ्यासमोर पेशंट आला की वॉर्डातला बेडही लवकर सापडतो, असा तिथला अनुभव. मला तरी हा सगळ्यात शहाणा उपाय वाटतो, आणि सगळ्यात भांडणं लावणाराही तोच असणार.

इमर्जन्सीत करता येण्यासारखं म्हणजे किरकोळ पेशंटसाठी वेगळी फास्ट लाइन आणि ट्रायाजलाच एक सीनियर डॉक्टर बसवणं, म्हणजे एक्सरे-रक्त वगैरे थांबायच्या वेळातच होऊन जातं.

आपण काय करायचं ते ताईने सांगितलंय ते जसंच्या तसं देते. बसल्यावर काही बदललं, दुखणं वाढलं, गरगरायला लागलं, श्वास लागला, हात-पाय बधिर वाटला तर उठून सांगायचं, लाजायचं नाही, ट्रायाज एकदा झालं म्हणजे कायमचं झालं असं नसतं, पातळी बदलते. "अजून किती वेळ" विचारू नका कारण ते कुणालाच माहीत नसतं, "मी आता कशासाठी थांबलेय" असं विचारा, म्हणजे रिपोर्टसाठी, डॉक्टरसाठी की बेडसाठी, याचं उत्तर मिळतं. चालू औषधांची यादी किंवा सरळ पाकिटंच बरोबर आणा. ऑपरेशन लागू शकेल असं काही असेल तर विचारल्याशिवाय खाऊ-पिऊ नका, पोट भरलेलं असेल तर भूल देणं लांबतं. आणि कंटाळून निघून जायचंच असेल तर सांगून जा, म्हणजे निदान जायच्या आधी कुणीतरी एकदा बघेल तरी.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. अकराच्या सुमाराला वरून कुणीतरी आलं, आजोबांचं सलाईन स्टँडवरून काढून त्यांच्या उशाशी ठेवलं, पांघरूण आत खोचलं आणि स्ट्रेचर लिफ्टकडे ढकलत नेलं. आजोबांनी जाता जाता दाराकडे एकदा बघितलं. मग एक मावशी आल्या, जागा पुसून गेल्या, तिथे दुसरं स्ट्रेचर लागलं, त्यावर आतल्या कॉटवरच्या एकाला आणलं. आतल्या कॉटवर बाहेरचा एक जण गेला, आणि सव्वाअकराला माझं नाव पुकारलं.

एक्सरेत बारीक चीर निघाली. प्लॅस्टर घालायला पंधरा मिनिटं लागली.